कागदावर हजर, कागदावर फरार

आमच्या खानदानातील एका मुलीला इतर मागासवर्गीयाचा दाखला हवा होता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे मुस्लिम ओबीसी कुटुंबांना आता पाठ झाले आहे. म्हणून पांढरकवड्याच्या तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढली. आमच्या विदर्भात जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे कोतवाल बुक. मुलीच्या आजीच्या जन्माची ओळ सापडली. तारीख होती. बापाचे नाव होते. जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ असे लिहिले होते आणि अपत्याच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘मुलगी’.

दाखल्याच्या दृष्टीने ती नक्कल फारशी कामाची नव्हती. ‘मुसलमान’ हा धर्म झाला, जमात नव्हे. पण माझे मन अडकले ते दुसऱ्या शब्दात. जी बाई सत्तरएक वर्षे जगली, जिने मुले वाढवली, गोधड्या शिवून घर चालवले, तिच्या हयातीची सरकारदरबारची पहिली खूण म्हणजे ‘मुलगी’. नाव नाही.

घरी परतताना उमरीची आठवण झाली. पांढरकवड्याजवळचे हे गाव तिथल्या मिशन दवाखान्यामुळे पंचक्रोशीत माहीत आहे. फ्री मेथडिस्ट या अमेरिकन पंथाच्या मिशनने तो चालवला. तेथे येऊन राहिलेल्या अमेरिकन बायांच्या गोष्टी आमच्याकडची जुनी माणसे सांगत असत. त्या बाया कोण, कोठल्या, केव्हा आल्या, हे आजही काढता येते, कारण त्यांच्या मंडळाने त्यांची नोंद ठेवली. सात समुद्रांपलीकडून आलेल्या बाईची जन्मतारीख सापडते आणि त्याच तालुक्यात जन्मलेल्या आपल्या आजीचे नाव सापडत नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचा माग काढीत मी वऱ्हाडातून अहमदनगरला आणि तेथून पुण्याला जाऊन पोहोचलो. तोच हा प्रवास.

अमेरिकन लोक महाराष्ट्रात फार लवकर आले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा पेशवाई अजून शिल्लक होती. पुढे पाच वर्षांनी, १८१८ च्या एप्रिलमध्ये, पळता पळता दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची आमच्या पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रज फौजेशी गाठ पडली आणि तिची वाताहत झाली. यावरून काळाचा अंदाज यावा. हे मिशनरी बोस्टनच्या ज्या मंडळाकडून आले होते, त्या ‘अमेरिकन बोर्डा’ची स्थापना १८१० ची. मुंबईत त्यांनी १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. शाळा वाढल्या, तशी त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईची गरज पडली. मग बोर्डाने एक अविवाहित शिक्षिका पाठवली. तिचे नाव सिंथिया फरार.

फरार हे आडनाव मराठी कानाला, त्यातही उर्दूची सवय असलेल्या आपल्या कानाला चमत्कारिक लागते. पण कागदावर ही बाई कधीच फरार झालेली नाही. तिचा जन्म १७९५ चा, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतातील मार्लबरो नावाच्या लहानशा गावातला. त्या भागात गावाचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू वहीत लिहीत असे आणि चर्चची वही वेगळी असे. एका वहीत चुकले तर दुसरीत सापडावे, अशी ती व्यवस्था. पुढे मार्लबरो गावाचा इतिहास छापला गेला, त्यात गावातल्या घराण्यांच्या वंशावळीही आल्या. जून १८२७ मध्ये ती बोस्टनहून जहाजात बसली आणि वर्षअखेरीस मुंबईला पोहोचली. जहाजाची नोंद निराळी, बोर्डाच्या ठरावाची निराळी. मुंबईत आल्यावर तिने शाळांचे जे काही केले, त्याची पत्रे बोस्टनला जात. त्यांतले निवडक बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात छापून येत असे आणि अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत ते वाचून लोक वर्गणी पाठवत. म्हणजे पत्र लिहिणे ही केवळ हौस नव्हती. पत्र नाही तर पैसा नाही आणि पैसा नाही तर शाळा नाही, असा तो रोकडा हिशेब होता. बोर्डाचे ते सारे दप्तर आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहे.

या दप्तरावरून तिच्या आयुष्याचा आराखडा सहज मांडता येतो. दहा वर्षे मुंबईच्या शाळा. प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ मध्ये मायदेशी परत. माणूस येथेच थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण १८३९ मध्ये ती पुन्हा आली आणि या वेळी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. अमेरिकन मिशनने तेथे १८३१ मध्ये ठाणे मांडले होते. तेथेच तिने मुलींच्या शाळा चालवल्या, तेथेच ती म्हातारी झाली आणि जानेवारी १८६२ मध्ये तेथेच वारली. चौतीस वर्षांपूर्वी आलेली ही बाई पाहुणी राहिली नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे तर ती नगरकरीण झाली होती.

आता या अमेरिकन बाईचा आपल्याशी संबंध कोठे येतो? १८४० च्या दशकात जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला गेले आणि त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. परत आल्यावर पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. ही ऐकीव गोष्ट नाही. ‘ज्ञानोदया’च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात खुद्द जोतीरावांचे तसे निवेदन छापलेले आहे. ‘ज्ञानोदय’ हे पत्रही याच अमेरिकन मिशनचे, १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. त्या इतिहासाच्या एका कडेला मार्लबरोची ही शिक्षिका उभी आहे आणि दुसऱ्या कडेला उभी आहे आपली फातिमा.

फातिमा शेख हे नाव आज घराघरात पोहोचले आहे. शाळांना, वाचनालयांना, पुरस्कारांना ते दिले जाते. दर ९ जानेवारीला तिची जयंती साजरी होते. २०२२ मध्ये त्या दिवशी गूगलने आपल्या पानावर तिचे चित्र लावले, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी अभिमानाने ते एकमेकांना पाठवले. मीही पाठवले. पण एका अमेरिकन बाईचे कागद ज्या कसोटीने पाहिले, तीच कसोटी घरच्या माणसाला लावायची, तर फातिमाच्या बाबतीत त्या काळचा कागद कोणता?

एक पत्र. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला गेल्या होत्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया’त ते आहे. पत्रात प्रकृतीविषयी लिहिता लिहिता त्या पुण्याच्या कामाची काळजी करतात. आपण नसल्यामुळे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या उल्लेखाचा आशय. बस्स. फातिमा तेवढ्यातच येते आणि तेवढ्यातच जाते.

ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली की तिच्यात बरेच काही दिसू लागते. एक, फातिमा कोण हे जोतीरावांना सांगावे लागत नाही. नुसते नाव पुरते. म्हणजे ती त्या घराच्या रोजच्या व्यवहारातली होती. दोन, सावित्रीबाई नसताना त्यांचा भार तिच्यावर पडतो. म्हणजे ती त्यांच्या जागी उभी राहणारी होती. तीन, ती कुरकुर करीत नाही. म्हणजे तिचा स्वभावही एका वाक्यात नोंदला गेला आणि नोंदवणारी बाई तिला जवळून ओळखत होती. मात्र तो भार वर्गातला होता की घरातला, हे ती ओळ सांगत नाही. पुण्याच्या शाळांचे जे अहवाल १८५१-५२ च्या सुमारास वृत्तपत्रांतून आले, त्यांत शिक्षक म्हणून सावित्रीबाईंबरोबर विष्णुपंत मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर ही नावे दिसतात. फातिमाचे दिसत नाही.

बाकीचे सारे नंतरचे आहे. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी गंज पेठेत त्यांना आसरा दिला आणि फातिमा ही उस्मान शेखांची बहीण, ही परंपरेने आलेली हकीकत आहे. तिच्यात अशक्य असे काही नाही. फुल्यांच्या आयुष्यात मुस्लिम शेजारी होतेच. बापाने शाळेतून काढलेल्या जोतीरावांना पुन्हा शाळेत घालावे, म्हणून गोविंदरावांचे मन वळवणारे गफ्फार बेग मुन्शी हे फुल्यांच्या चरित्रात ठळकपणे येतात. परंतु ९ जानेवारी १८३१ ही जी जन्मतारीख आता सर्वत्र छापली जाते, तिच्यामागे त्या काळचा कोणताही कागद आजवर कोणी दाखवलेला नाही. तारीख नसलेल्या बाईला आपण प्रेमापोटी तारीख दिली. त्यापुढे तिची पदवी, तिची भाषणे, तिचे संवाद असे एकेक दागिने चढत गेले.

प्रेमापोटी केलेल्या या गोष्टीची किंमत आपल्याला २०२५ च्या जानेवारीत मोजावी लागली. ऐन ९ तारखेला एका पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच, हे पात्र आपणच काही वर्षांपूर्वी रचले. एका दिवसात सगळीकडे गदारोळ उडाला. आपली माणसे दुखावली. काहीजण नुसतेच संतापले, काहीजण गप्प झाले, तर काही शिक्षकांना वर्गात मुलांना काय सांगावे कळेना. वास्तविक उत्तर एका ओळीचे होते. माळींचे पुस्तक १९८८ चे. त्यात १८५६ च्या पत्रातली फातिमा छापलेली आहे. जे नाव १९८८ मध्ये सरकारी प्रकाशनात छापले गेले, ते काही वर्षांपूर्वी कोणी रचले असेल कसे? पण हे उत्तर आपल्या हाताशी नव्हते, कारण आपण ती एक ओळ सोडून तिच्याभोवतीचे दागिनेच पाठ केले होते. दागिने खोटे ठरताच अंगठीतला खडाही खोटा, असे म्हणायला लोकांना वाव मिळाला.

ही परीक्षा आपल्याला नवी नसावी. गोष्ट कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, तो सांगणारा विश्वासू होता काय, त्याची आणि ज्याच्याकडून ऐकली त्याची भेट होणे शक्य होते काय, हे सारे तपासण्याचे शास्त्र आपल्या पूर्वजांनी उभे केले. हदीसची सनद पाहिल्याशिवाय मजकूर मानायचा नाही, ही शिस्त. सही कोणती, जईफ कोणती, मौजू म्हणजे बनावट कोणती, याच्या पायऱ्या त्यांनी ठरवल्या. बनावट हदीस कितीही चांगला उपदेश करणारी असली तरी ती बनावटच, हे सांगण्याचे धाडस त्यांच्यात होते. याच गरजेतून ‘अस्माउर्रिजाल’ म्हणजे रावींच्या चरित्रांचे शास्त्र जन्मले. नाव रिजालचे, म्हणजे पुरुषांचे, असले तरी त्यात स्त्रियांना जागा होती. नवव्या शतकात इब्न साद यांनी ‘तबकात’ लिहिले, त्याचा शेवटचा भाग स्त्रियांना वाहिलेला आहे. पंधराव्या शतकात कैरोच्या सखावी यांनी आपल्या चरित्रकोशाचा एक खंड केवळ स्त्रियांसाठी राखला आणि त्यात हजाराहून अधिक स्त्रियांच्या नोंदी केल्या. ज्या समाजाकडे हा वारसा आहे, त्याच्या कोतवाल बुकात ‘मुलगी’ हा शब्द आहे म्हणून केवळ कोतवालाला दोष देऊन भागणार नाही.

फातिमाला ही कसोटी लावली तर काय हाती येते? पत्राची सनद सावित्रीबाईंची, म्हणजे जी तिला पाहत होती तिची. फातिमा नावाची बाई होती, फुले दांपत्याच्या कामात होती, हे त्या आधाराने म्हणता येते. पत्राचे मूळ हस्तलिखित अभ्यासकांपुढे यावे, त्याचा कागद आणि हस्ताक्षर तपासले जावे, अशी मागणी कोणी केली तर ती रास्त आहे आणि ती आपणच आधी करावी. घर आणि भाऊ यांची हकीकत संभाव्य म्हणून सांगावी. जन्मतारखेला मात्र सनद नाही. ती तशीच सांगत राहिलो तर आपणच आपल्या फातिमाला कमजोर करतो. सत्याच्या एका ओळीला जे वजन आहे, ते कल्पनेच्या दहा पानांना नाही.

कागद कोणाचा राहतो, हा प्रश्न अमेरिकेतही आहेच. सिंथिया फरार ही परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी बाई, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण तिच्याही आधी, १८२२ च्या नोव्हेंबरमध्ये, बेट्सी स्टॉकटन नावाची अविवाहित बाई त्याच बोर्डाच्या मिशनबरोबर हवाई बेटांकडे निघाली होती. तेथे लाहायना येथे तिने सामान्य लोकांसाठी शाळा चालवली. ती कृष्णवर्णीय होती आणि जन्माने गुलाम होती. तिची जन्मतारीख कोणत्याही गावाच्या कारकुनाने लिहून ठेवली नाही. १७९८ च्या सुमाराचा जन्म, एवढेच म्हणतात. पहिलेपणाचा मान कित्येक पुस्तकांनी तिच्या मागून गेलेल्या गोऱ्या बाईला देऊन टाकला. पुढे तिचे नाव वर आले, ते तिने जहाजावर लिहिलेली रोजनिशी त्या काळी छापली गेली होती म्हणून. एकाच बोर्डाच्या दोन शिक्षिका, दोघींचे काम एकाच तऱ्हेचे. एकीला गावाने, चर्चने, मंडळाने कागद दिला. दुसरीला तो स्वतः लिहावा लागला.

पुण्याच्या बाजूलाही असेच एक उदाहरण आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीने आपल्या जातीच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदया’ने तो १८५५ मध्ये दोन अंकांत छापला. मुक्ता साळवेंच्या अस्तित्वाविषयी आज कोणी शंका घेत नाही, कारण ती स्वतः बोललेली आहे. फातिमाविषयी दुसरी कोणी बोलली आहे. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे.

मग आपण काय करावे? पहिले, शोधावे. मिचेलबाई ज्या स्कॉटिश मिशनच्या होत्या त्या मिशनचे कागद एडिनबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अमेरिकन बोर्डाचे हार्वर्डला आहेत. ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आहेत. आपल्या विद्यापीठांतून मराठी, उर्दू, इतिहास या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या मुली आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी एकीने जरी हे दप्तर फातिमासाठी चाळले, तरी जयंतीच्या शंभर भाषणांपेक्षा ते काम मोठे होईल. तिला काही सापडले तर उत्तम. नाही सापडले तरी कोठे कोठे पाहिले, हे सांगणेही विद्येचेच काम आहे.

दुसरे, आपल्याच घरातल्या एका कागदाकडे लक्ष द्यावे. सरकारी वहीत आपल्या बायांचे नाव नसेल, पण निकाहच्या वहीत ते असावेच लागते. वधूचे नाव, तिच्या बापाचे नाव, महरची रक्कम, वकील, साक्षीदार आणि तिचा कबूल, यांशिवाय निकाह लिहिला जात नाही. ज्या काळी साताबाऱ्यावर बाई दिसत नव्हती, शाळेच्या दाखल-खारीजवर दिसत नव्हती, त्या काळीही काझींच्या रजिस्टरात ती आपल्या नावानिशी बसलेली आहे. गावोगावची ही जुनी रजिस्टरे कोठे काझींच्या घरच्या पेटीत, कोठे मशिदीच्या माळ्यावर पडलेली आहेत. मोडी, फारसी, उर्दू असा त्यांचा मजकूर वाचणारी माणसेही विरळ होत आहेत. आमचे वऱ्हाड तर निजामाच्या अंमलातले. १८५३ च्या तहानंतर ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले, मग आमचा भाग वणी जिल्ह्यात पडला आणि त्या जिल्ह्याला १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. राज्य बदलले तशी दप्तराची भाषा बदलली आणि दर बदलात काही कागद गळाले. उरलेल्यांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे कोणत्याही गावच्या चार तरुणांना जमण्यासारखे आहे. त्याला ना अनुदान लागते, ना परवानगीची मोठी कागदपत्रे. काझीसाहेबांचा विश्वास तेवढा लागतो.

तिसरे, लिहावे. फरारबाईंनी पत्रे लिहिली नसती तर बोस्टनला त्यांचे दप्तर झाले नसते. आपल्या बायांनी लिहिले नाही, कारण लिहायला शिकवलेच नाही. ज्या शिकल्या त्यांचे लिहिलेले आपण जपले नाही. आज प्रत्येक घरात लिहिणारी मुलगी आहे. तिने आपल्या दादी-नानीजवळ बसून नाव, गाव, माहेर, कोणाकडे शिकली, काय काम केले, एवढे जरी वहीत उतरवले तरी पुढच्या पिढीला कोतवालाच्या मेहरबानीवर राहावे लागणार नाही.

आमच्या त्या मुलीचा दाखला शेवटी दुसऱ्या कागदावर झाला. तिच्या आजीच्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर जमात लिहिलेली निघाली. म्हणजे तेथेही पुरुषाचाच कागद कामी आला. परंतु त्या धावपळीत आजीचा निकाहनामा एका ट्रंकेच्या तळाशी सापडला. घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. त्यावर तिचे पूर्ण नाव होते. महर एकशे पंचवीस रुपये होता. घरातल्या थोरल्या खाला तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘अम्मीला सगळे बडी बीच म्हणायचे. हे नाव मी पण विसरले होते.’’

मी कोतवाल बुकाची नक्कल आणि तो निकाहनामा एकाच पाकिटात ठेवला आहे. पाकिटावर ‘मुलगी’ असे लिहिलेले नाही. नाव लिहिले आहे.